सकाळचीच कॉफी हृदयाला चांगली? एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी

२०२५ च्या जानेवारीत एक बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत आली आणि मग नेहमीप्रमाणे फॅमिली ग्रुपांवर उतरली. सकाळी कॉफी पिणाऱ्यांना मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी कमी, हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका तर ३१ टक्क्यांनी कमी. दिवसभर कॉफी पिणाऱ्यांना मात्र हा फायदा नाही. तेव्हापासून हा फॉरवर्ड अधूनमधून परत वर येतो आणि त्याच्यासोबत दोन प्रश्न येतात. कॉफीवाले विचारतात, "मग दुपारची बंद करू का?" चहावाले विचारतात, "मग सकाळी चहाऐवजी कॉफी सुरू करू का?"

पेपर टाकाऊ नाही, हे आधीच सांगतो. 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये आलेला आहे, अमेरिकेतल्या टुलेन विद्यापीठातल्या गटाचं काम आहे, आणि यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे लेखकांनी स्वतःच मान्य केलंय. पण पेपरात जे मोजलंय आणि त्यातून जो सल्ला तयार झालाय, त्यांच्यातलं अंतर बरंच मोठं आहे. ते कुठे आणि कसं पडलं, ते बघू.

आधी त्यांनी काय केलं ते. अमेरिकेत सरकारतर्फे आरोग्य आणि आहाराचं एक मोठं सर्वेक्षण सतत चालू असतं, त्याला 'एनहेन्स' म्हणतात. त्यातल्या १९९९ ते २०१८ या काळातल्या ४०,७२५ प्रौढ लोकांची माहिती घेतली. त्यांनी खाल्लंप्यायलेल्याच्या नोंदींवरून कॉफीच्या वेळा काढल्या आणि संगणकाला सांगितलं की यांचे गट पाड. दोन ठळक गट निघाले : सकाळी पिणारे, साधारण ३६ टक्के, आणि दिवसभर पिणारे, साधारण १४ टक्के. उरलेले जवळपास सगळे कॉफी न पिणारे. मग मृत्यूच्या नोंदींशी जोड घातली. पाठपुराव्याचा मध्यक ९.८ वर्षं. या काळात ४,२९५ माणसं गेली, त्यातली १,२६८ हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने.

इथे एक छोटा हिशेब करून घ्या, बातमीत तो नसतो. ४०,७२५ पैकी ४,२९५ म्हणजे साधारण साडेदहा टक्के. दहाएक वर्षांत शंभरातली दहा-अकरा माणसं गेली. १६ टक्क्यांची घट आहे ती या प्रमाणात, तुमच्या आयुष्याच्या वर्षांत नव्हे. "१६ टक्के आयुष्य वाढतं" असं कोणी म्हणालं तर त्याने पेपर उघडलेला नाही, एवढं खुशाल समजा.

आता मुद्द्यावर येतो. वेळ कशी मोजली?

एनहेन्समध्ये माणसाला विचारतात, गेल्या चोवीस तासांत काय काय खाल्लंत-प्यायलात ते सांगा. २००३ पासून काही दिवसांनी फोनवर आणखी एकदा विचारायला लागले. म्हणजे एका माणसामागे एक किंवा फार तर दोन दिवस. त्यावर तो 'सकाळवाला' की 'दिवसभरवाला' हा शिक्का बसला, आणि तोच पुढची दहा वर्षं लागू धरला गेला. जरा स्वतःचा कालचा दिवस आठवा. काल दुपारी मीटिंग होती म्हणून एक कप झाला असेल, परवा नसेल झाला. लेखकांना याची कल्पना होती, म्हणून त्यांनी १,४६३ जणांच्या दुसऱ्या एका अभ्यासातल्या सात दिवसांच्या नोंदी तपासल्या, आणि तिथेही असेच गट दिसले. हे चांगलं केलं. पण त्यावरून एवढंच कळतं की असे गट समाजात असतात. अमुक माणूस पाच वर्षांनी त्याच गटात राहिला का, हे त्यातून कळत नाही.

आणि 'सकाळ' म्हणजे किती? पहाटे ४ पासून दुपारी १२ च्या आधीपर्यंत! साडेअकराला ऑफिसच्या मशीनमधून घेतलेला तिसरा कपसुद्धा यांच्या लेखी सकाळचाच. फॉरवर्ड वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर मात्र उठल्या-उठल्या घेतलेला वाफाळता कप असतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे यात 'फक्त संध्याकाळी पिणारे' असा गटच नाही. दिवसभरवाले सकाळीही कॉफी पितातच, शिवाय दुपारी आणि संध्याकाळीही पितात. त्यामुळे "सकाळची चांगली, संध्याकाळची वाईट" ही सरळ तुलना या आकडेवारीतून निघूच शकत नाही. दोन्ही गटांची तुलना मुख्यतः कॉफी न पिणाऱ्यांशी केलीय. सकाळवाले विरुद्ध न पिणारे : फरक दिसला. दिवसभरवाले विरुद्ध न पिणारे : संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठळक फरक दिसला नाही. यावरून बातमीने निष्कर्ष काढला की सकाळवाले आणि दिवसभरवाले वेगळे आहेत.

ही उडी इतकी नेहमीची आहे की सेमिनारमध्येही ती बिनबोभाट खपते. क्रिकेटमध्ये बघा. एक फलंदाज ३६ डाव खेळला आणि त्याची सरासरी संघाच्या सरासरीपेक्षा खात्रीने जास्त निघाली. दुसरा १४ डाव खेळला. त्याचीही थोडी जास्तच दिसते, पण इतक्या कमी डावांवरून खात्री देता येत नाही. यावरून पहिला दुसऱ्यापेक्षा चांगला आहे हे सिद्ध झालं का? नाही. त्यासाठी दोघांची एकमेकांशी तुलना करायला हवी. 'फरक सापडला नाही' आणि 'फरक नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गट लहान असला की पहिलीची शक्यता आपोआप वाढते. इथेही दिवसभरवाल्यांचा गट सकाळवाल्यांच्या निम्म्याहून लहान आहे.

लेखकांनी हा मुद्दा अगदीच सोडलेला नाही. कॉफीचं प्रमाण आणि मृत्यू यांचं नातं वेळेनुसार बदलतं का, हे त्यांनी वेगळं तपासलंय, आणि तिथे पी-मूल्य ०.०३१ आलंय. ते ०.०५ च्या खाली आहे, मान्य. पण वेळ, प्रमाण, कॅफीनवाली-बिनकॅफीनची, सगळे मृत्यू, हृदयाचे मृत्यू, कर्करोगाचे मृत्यू अशा इतक्या चाचण्या एकाच पेपरात असताना ०.०३१ वर मी माझी दुपारची कॉफी सोडणार नाही.

आता माणसांकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. दिवसभर कॉफी पिणारा माणूस कोण असतो? रात्रपाळीची नर्स, लांब पल्ल्याचा ड्रायव्हर, दोन नोकऱ्या करणारा, नीट झोप न झालेला, सिगारेट ओढणारा. (पीएचडीचा विद्यार्थीही. आमच्या मजल्यावर रात्री दहाला किटली चालू असतेच.) आणि फक्त सकाळी एक-दोन कप पिणारा? बऱ्याचदा ठरलेल्या वेळी उठणारा, ठरलेल्या वेळी कामावर जाणारा. या दोघांच्या आयुष्यात फक्त कॉफीच्या वेळेचा फरक आहे असं मानणं अवघड आहे. लेखकांनी वय, उत्पन्न, धूम्रपान, झोप अशा गोष्टींसाठी आकडे जुळवून घेतलेत. पण जुळवणी तेवढीच चांगली होते, जेवढं मोजमाप चांगलं असतं.

ही जुळवणी किती निर्णायक असते याचं सर्वांत बोलकं उदाहरण कॉफीच्याच साहित्यात आहे. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फ्रीडमन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. ५० ते ७१ वयाचे चार लाखांवर अमेरिकन, सुमारे ५२,५०० मृत्यू. फक्त वय जुळवून हिशेब केला तेव्हा कॉफी पिणारे जास्त मरत होते. मग धूम्रपान आणि इतर गोष्टी धरल्या, आणि निकाल चक्क उलटला : कॉफी पिणारे कमी मरत होते! माणसं तीच, कॉफी तीच, मृत्यूही तेच. कारण त्या पिढीत कॉफी आणि सिगारेट हातात हात घालून चालत होत्या. त्यात शरीराचाही थोडा हात असावा : सिगारेटमुळे यकृतातली कॅफीन मोडणारी यंत्रणा जोरात चालते, म्हणून सिगारेट ओढणाऱ्याची कॉफी लवकर 'उतरते' आणि त्याला पुढचा कप लवकर लागतो.

एक गोष्ट मोजली म्हणून निकालाची दिशा बदलली. मग जी मोजली नाही, किंवा अर्धवट मोजली, तिच्यामुळे १६ टक्के इकडचे तिकडे होणार नाहीत, अशी खात्री कोण देणार?

तुलनेच्या दुसऱ्या टोकाचे, 'कॉफी न पिणारे', तेही निरागस नसतात. त्यात आयुष्यभर न पिणारे असतात, तसेच ॲसिडिटी, धडधड किंवा रक्तदाब म्हणून डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेलेही असतात. म्हणजे त्या गटात आजारी माणसं आधीच जास्त शिरलेली असू शकतात, आणि मग त्यांच्या शेजारी उभा केलेला कोणीही निरोगीच दिसतो. १९८१ साली हीच भानगड उलट्या दिशेने झाली होती. हार्वर्डच्या मॅकमेहन यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे ३६९ रुग्ण आणि तुलनेसाठी ६४४ इतर रुग्ण घेतले, आणि कॉफीचा या कर्करोगाशी संबंध दिसतो असं जाहीर केलं. केवढा गहजब झाला! पण तुलनेचे रुग्ण घेतले होते त्याच डॉक्टरांकडचे, आणि त्यातले बरेच पोटाच्या तक्रारींचे. अशा लोकांनी कॉफी आधीच कमी केलेली असते. त्यांच्यासमोर कर्करोगाचे रुग्ण जास्त कॉफी पिणारे दिसले, यात नवल नाही. पाचेक वर्षांनी त्याच गटाने पुन्हा बघितलं तर तो संबंध टिकला नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते, ती म्हणजे स्पष्टीकरण. सकाळचा फायदा का? तर म्हणे संध्याकाळच्या कॉफीने शरीराचं घड्याळ आणि मेलाटोनिन बिघडत असावं. कल्पना म्हणून ठीक आहे, पण या पेपरात मेलाटोनिन मोजलेलं नाही. आणि सगळा खेळ कॅफीन आणि घड्याळाचाच असेल, तर बिनकॅफीनची कॉफी वेगळी वागायला हवी. मोठ्या अभ्यासांत ती वेगळी वागत नाही. फ्रीडमन यांच्या पेपरात डीकॅफ पिणाऱ्यांतही घट दिसली. २०१८ साली ब्रिटनच्या 'यूके बायोबँक'मधल्या पाच लाखांच्या जवळपास लोकांवर काम झालं. तिथे इन्स्टंट, दळलेली, डीकॅफ सगळ्यांत घट दिसली, आणि ज्यांचं शरीर जनुकांमुळे कॅफीन हळू मोडतं त्यांच्यातही दिसली. याचे दोन अर्थ निघतात. एक, कॉफीतलं कॅफीनशिवायचं काहीतरी, क्लोरोजेनिक आम्लं वगैरे, काम करत असावं. दुसरा, कॉफी पिऊ शकणारी, परवडणारी, सोसणारी माणसं मुळातच थोडी धडधाकट असावीत. मला दोन्ही थोडे थोडे खरे वाटतात. पण दोन्हींपैकी कुठल्याही अर्थाने दुपारी १२ चा काटा महत्त्वाचा ठरत नाही.

मग निरीक्षणातून काहीच कळत नाही का? कळतं की! नॉर्वेचं उदाहरण मला फार आवडतं. १९८३ साली ट्रोम्सो या शहरातल्या साडेचौदा हजारांच्या आसपास लोकांत दिसलं की जास्त कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त आहे. हेही निरीक्षणच, यातही सिगारेट होती, आहार होता. पण पुढे त्याचं काय केलं ते बघा. तिकडे कॉफी उकळून, न गाळता पितात हे लक्षात आलं. नेदरलँड्समध्ये १९८९ साली चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लोक वाटून प्रयोग झाला : काहींना उकळलेली कॉफी, काहींना कागदी फिल्टरमधून गाळलेली, काहींना कॉफीच नाही. उकळलेलीनेच कोलेस्टेरॉल वाढलं. मग त्या कॉफीवरचा तेलकट अंश वेगळा काढून दिला, त्यानेही वाढलं. मग तीच उकळलेली कॉफी कागदातून गाळून दिली, तर वाढ नाही. शेवटी त्या तेलातला नेमका रेणू सापडला, कॅफेस्टॉल. दहाएक वर्षं गेली, पण सल्ला असा मिळाला की तो कोणालाही पाळता येतो : कागदातून गाळा. सकाळच्या कॉफीचा पेपर या वाटेवरच्या पहिल्या पायरीवर आहे, आणि बातमीने त्याला शेवटच्या पायरीवर नेऊन बसवलंय.

कॉफीवर प्रयोग करता येत नाहीत, हीही सबब चालणार नाही. २०२३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने शंभर जणांवर दोन आठवडे एक साधा प्रयोग केला. रोज मोबाइलवर संदेश जायचा : आज कॉफी प्या, किंवा आज कॅफीन टाळा. छातीवर ईसीजीची पट्टी, मनगटावर पावलं आणि झोप मोजणारं यंत्र. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले अवेळी ठोके कॉफीने ठळकपणे वाढले नाहीत : दिवसाला ५८ विरुद्ध ५३. खालच्या कप्प्यांतले मात्र वाढले, १५४ विरुद्ध १०२. कॉफीच्या दिवशी लोक हजारभर पावलं जास्त चालले आणि ३६ मिनिटं कमी झोपले. एकाच कपाचे चार वेगवेगळे परिणाम, काही बरे, काही नाही. असा निकाल मथळ्यात बसत नाही, हीच त्याची अडचण. दोन आठवड्यांत कोण किती जगेल ते कळत नाही हे खरं, पण वेळेबद्दलचा प्रयोग असाच करता येईल : सकाळी प्या, संध्याकाळी प्या, आणि रक्तदाब, झोप, मेलाटोनिन मोजा.

बरं, हे सगळं आपल्याकडे आणायचं तर आधी 'कप' म्हणजे काय ते ठरवावं लागेल. अमेरिकन कप म्हणजे २४० मिलिलिटर, बहुधा काळी किंवा किंचित दूध घातलेली कॉफी, सुमारे ९५ मिलिग्रॅम कॅफीन. आपल्याकडची घरगुती कॉफी म्हणजे चमचाभर इन्स्टंट, कपभर दूध, दोन चमचे साखर. फिल्टर कॉफी आणि काही इन्स्टंट पुड्यांमध्ये चिकोरी असते. नियमाने कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली की पुरे. म्हणजे जवळपास निम्मी भाजलेली मुळं असू शकतात. पुडीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघा एकदा.

माणसंही वेगळी. त्या पिढीतल्या अमेरिकेत कॉफीसोबत सिगारेट होती. महाराष्ट्रात रोजचं पेय चहा. कॉफी रोज पिणारा माणूस बहुधा शहरातला, बऱ्या उत्पन्नाचा, डॉक्टरकडे वेळेवर जाऊ शकणारा. असाच अभ्यास उद्या इथे केला तर कॉफी कदाचित अमेरिकेतल्यापेक्षाही गुणी ठरेल, आणि त्यात कॉफीचं कर्तृत्व किती हे सांगता येणार नाही.

उलट, इथल्यासाठी वेळेचा खरा प्रश्न वेगळाच आहे आणि त्याच्यावर फॉरवर्ड येत नाही : जेवणाच्या किंवा नाश्त्याच्या संदर्भात कॉफी कधी घेता? १९८३ सालच्या एका प्रयोगात जेवणासोबत कप कॉफी दिली तेव्हा अन्नातल्या लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. चहाने तर ६४ टक्क्यांनी. जेवणाआधी तासभर कॉफी घेतली तर घट नव्हती, पण जेवणानंतर तासाने घेतली तर सोबत घेतल्याइतकीच घट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पोह्यांच्या बशीसोबत कप घेणाऱ्या, हिमोग्लोबिन नऊ असलेल्या बाईला "सकाळची कॉफी हृदयाला चांगली" हे सांगणं म्हणजे तिच्या कामाचा सल्ला बाजूला सारून दुसऱ्याचा सल्ला तिच्या हातात देणं आहे. चहाऐवजी कॉफी घेतली तर शोषण थोडं बरं होईल, पण कप नाश्त्यापासून लांब नेला तर त्याहून बरं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही चहा-कॉफीसोबत नकोत.

दुपारच्या कपाबद्दल विचाराल, तर तिथे झोपेचा पुरावा मृत्यूच्या आकड्यांपेक्षा जास्त सरळ आहे. कॅफीनचं अर्धायुष्य साधारण पाच तास, पण माणसागणिक खूप बदलतं. गर्भनिरोधक गोळ्यांवर असलेल्या स्त्रियांत जवळपास दुप्पट होतं, गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत त्याहूनही जास्त. २०१३ सालच्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं तरी झोप तासाभराहून जास्त घटली. माणसं बाराच होती आणि ४०० मिलिग्रॅम म्हणजे आपल्या दुधाळ कॉफीचे सहा-सात कप, हे दोन्ही लक्षात ठेवा. पण एक गंमत आहे : यंत्राने मोजलेली ही घट त्या लोकांच्या स्वतःच्या झोपेच्या डायरीत तेवढी दिसली नव्हती. "मला कॉफीने काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा.

म्हणून चार वाजताचा कप सोडायचा की नाही, हे आठवडाभर तो बंद करून रात्री झोप कशी लागते ते बघून ठरवा. टुलेनच्या पेपराचा त्या निर्णयाशी संबंध नाही.